रेडिओवर ‘बरं’ म्हणालीस, आता नाव पडलंच

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी मुलगी निफाडकडची, वय २१, कमर्शियल पायलट लायसन्ससाठी उड्डाणाचे ८५ तास झालेले. सुट्टीवर घरी आली तेव्हा मामाने तिला आमच्या, म्हणजे जुन्या विमानवाल्यांच्या, रविवारच्या मिसळीला आणलं. तिथे तिने भोळेपणाने सांगून टाकलं की पहिल्या सोलो क्रॉसकंट्रीला, म्हणजे एकटीच्या लांबच्या उड्डाणाला, टॉवरने क्लिअरन्स (परवानगी) दिला आणि तिच्या तोंडून रेडिओवर ‘बरं’ निघून गेलं. झालं. तीन रविवार तिचं नाव ‘बरं’. “बरं, पाव घे.” “बरं आली का रे?” एक काका गाडी रिव्हर्स घेण्यावरूनही काहीतरी बोलले. ती सगळ्यांसोबत हसली, पण घरी जाऊन तिला झोप लागली नाही. तिचं विचारणं असं: ही आपुलकी समजायची की रॅगिंग? उलट उत्तर दिलं तर उद्धटपणा होईल का? आणि एअरलाइनमध्येही हे असंच चालतं का?

त्या टेबलावर मीही होतो, तेव्हा उत्तर द्यायचं कामही माझ्याकडेच येतं. ओळख म्हणून एवढंच सांगतो: २२ वर्षं फौजेत चीता आणि चेतक हेलिकॉप्टरं उडवली, त्यातली काही वर्षं इथे नाशिकच्या गांधीनगरला शिकवण्यात गेली, नंतर चार्टर हेलिकॉप्टर. आता गुडघे बोलतात, म्हणून मी बसून बोलतो.

आधी ‘बरं’बद्दल, कारण तुला वाटतंय त्यापेक्षा त्यात गंमत कमी आणि काम जास्त आहे. टॉवरने दिलेला क्लिअरन्स पायलटने उलट म्हणून दाखवायचा असतो, म्हणजे रीडबॅक. रनवेवर जायची, टेक-ऑफची, लँडिंगची, रनवे ओलांडायची परवानगी, अल्टिमीटरचं (उंचीमापकाचं) सेटिंग, रडारवर विमान ओळखू येण्यासाठीचा ट्रान्सपॉन्डरचा कोड, उंची, हेडिंग म्हणजे दिशा. यातलं काहीही ‘रॉजर’वर सोडून देता येत नाही. रॉजरचा अर्थ ‘तुमचं बोलणं पूर्ण ऐकू आलं’ इतकाच. कळलं का, करणार का, याचा त्यात पत्ता नाही. आणि ‘बरं’ तर त्याहून सैल. मराठीत ‘बरं’ म्हणजे होकार, ‘पुढे बोला’, ‘बघू’, आणि आई म्हणते तेव्हा ‘येऊ दे बाबांना घरी’ हे सगळंच.

२७ मार्च १९७७ ला तेनेरिफे बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाने रेडिओवर सांगितलं की आम्ही आता टेक-ऑफला आहोत. टॉवरमधल्या माणसाला वाटलं, विमान उभं राहून वाट बघतंय. तो म्हणाला, “ओके,” आणि पुढे म्हणाला की थांबा, मी सांगतो. पण नेमक्या त्याच क्षणी रनवेवर असलेलं दुसरं, पॅन-ॲम या अमेरिकन कंपनीचं विमानही ‘आम्ही अजून रनवेवरच आहोत’ असं सांगत होतं. दोन आवाज एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की शिट्टीसारखा चरचराट होतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये नीट पोचलं ते फक्त ‘ओके’. त्या अपघातानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा रद्द करताना सोडून इतरत्र वापरायचा नाही असं ठरलं, आणि रीडबॅकची शिस्त घट्ट झाली.

आमच्या टेबलावर त्या दिवशी तेनेरिफेचं नाव कुणी काढलं नाही. मिसळ खाताना कुणी काढत नाही. पण ‘बरं’ ऐकल्यावर ती पाच म्हातारी माणसं एवढ्या जोरात का हसली, ते आता तुझ्या लक्षात येईल. तू पुन्हा कधीही रेडिओवर सैल शब्द वापरणार नाहीस. मी दहा लेक्चरं दिली असती तरी हे झालं नसतं.

नावं पडायची एक रीत आहे. आपलं नाव आपण ठरवायचं नाही. ते कुठल्या पराक्रमावरून पडत नाही, चुकीवरून पडतं. ज्याचं नाव पडलं, त्या दिवशीचं बिल त्याचं. आणि एक गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नाही, पण इतक्या वर्षांत मोडलेली मी पाहिली नाही: ज्या चुकीत कुणाला इजा झाली, त्या चुकीवरून नाव पडत नाही. तिथे सगळे चमच्याने रस्सा ढवळत बसतात.

माझं नाव ‘फवारणी’. मामाने तुला सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. हेलिकॉप्टर शिकताना सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे हवेत एका जागी थांबणं, होव्हर. डाव्या हातात कलेक्टिव्ह, म्हणजे वर-खाली नेणारी दांडी, उजव्या हातात सायक्लिक, म्हणजे पुढे-मागे-बाजूला नेणारी, पायाखाली नाक फिरवणारं पेडल. एक हलवलं की बाकीच्या दोन्हींनी त्याची भरपाई करायची. कलेक्टिव्ह थोडा ओढलास की नाक फिरायला लागतं, मग पाय दे. पाय दिलास की मशीन बाजूला सरकायला लागतं, मग सायक्लिक दे. आणि सायक्लिक दिल्यावर मशीन लगेच ऐकत नाही, अर्धा क्षण घेतं. नवा पोरगा त्या अर्ध्या क्षणात घाबरून आणखी देतो. मग मशीन उजवीकडे, मग डावीकडे, मग मागे. माझं पहिल्या दिवशी तसंच झालं. मैदानाच्या मधोमध थांबायचं होतं, मी आख्खं मैदान फिरून कुंपणापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. हात घामाने ओले. शेजारचे उस्ताद पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग इंटरकॉमवर शांतपणे म्हणाले, “झाली का द्राक्षांची फवारणी? आता ओळी बदल.”

मला हसू आलं. हसताना मूठ सैल पडली. आणि मशीन थांबलं. होव्हर बोटांच्या टोकांनी धरायचा असतो, मुठीने नाही, हे पुस्तकात होतंच. हाताला मात्र ते त्या एका वाक्याने कळलं. पुढे मी शिकवायला लागलो तेव्हा तेच वाक्य वापरलं. विदर्भातल्या पोरांना ‘संत्र्यांची’ म्हणायचो.

दुसरा ‘त्रिवार’. एअरलाइनमध्ये कमांडर होता, आता निवृत्त. पावसाळ्यात एका लँडिंगला विमान टेकलं, उडालं, टेकलं, उडालं आणि तिसऱ्यांदा टेकून राहिलं. उतरताना एका आजीबाईंनी दारात उभ्या असलेल्या ह्याला विचारलं, “बाळा, पोचलो ना? की अजून एकदा पोचायचंय?” हे त्याने स्वतःच येऊन सांगितलं, म्हणून आम्हाला कळलं. तो अजून बचाव करतो की ओल्या रनवेवर जरा दाबूनच टेकवायचं असतं, लोण्यासारखं अलगद उतरवायच्या नादात रनवे संपतो आणि पाण्याच्या थरावर चाकं तरंगतात. हे शंभर टक्के बरोबर आहे. फक्त दाबून एकदाच टेकवायचं असतं, हे आम्ही त्याला दर रविवारी सांगतो. आणि मोठी उसळी बसली की नाक खाली दाबायचं नाही, पॉवर देऊन गो-अराउंड करायचं, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं, हे तो स्वतः तुझ्यासारख्यांना सांगतो. तेव्हा कुणी हसत नाही, पाहिलंस ना?

तिसरा ओझरचा, एचएएल या सरकारी विमान कारखान्यातला. पायलट नाही, हँगरमधला माणूस. मिगपासून सुखोईपर्यंत सगळ्यांच्या पोटात हात घातलेला. त्याची खेचायची तऱ्हा वेगळी: “आम्ही जोडतो, तुम्ही मोडता.” पायलटने तक्रारवहीत लिहिलेल्या ओळी त्याला पाठ आहेत. चार्टरच्या काळात मी एकदा लिहिलं होतं, ‘उजव्या सीटकडून खडखड आवाज.’ माझ्या तेव्हाच्या तंत्रज्ञाने खाली उत्तर लिहिलं: ‘सीटखाली स्टीलचा डबा मिळाला. घासून परत केला.’ हा किस्सा ओझरकराला मीच सांगितला, आणि आजवर पस्तावतोय. पण तोच माणूस तुला सांगेल की कॉकपिटमध्ये सुटी राहिलेली वस्तू कंट्रोलच्या दांड्याखाली अडकली तर काय होतं, आणि एक पाना मोजणीत कमी भरला तर मिळेपर्यंत विमान का सोडत नाहीत. त्या डब्यानंतर मी सीटखाली हात फिरवल्याशिवाय कधी बसलो नाही.

एअरलाइनबद्दल विचारलंस. तिथेही हेच, फक्त वाद वेगळे. एअरबसवाल्यांची कंट्रोलची दांडी बाजूला असते, म्हणून त्यांना समोर जेवायला टेबल मिळतं. बोइंगवाले ताट मांडीवर घेऊन खातात आणि म्हणतात, आम्ही विमान उडवतो, तुम्ही खानावळ चालवता. ओझरच्या विमानतळाचा कोड ‘आयएसके’, त्याला हिंदी पोरं ‘इश्क’ म्हणतात. नागपूरचा ‘एनएजी’, म्हणजे नाग. इश्क सोडून नाग गाठला, यावर तासभर जातो. घरच्या लग्नात नाशिकची वाइन फिरायला लागली की ज्याची सकाळची ड्यूटी असते तो कोकम सरबत घेऊन कोपऱ्यात उभा राहतो, आणि उड्डाणाआधीच्या १२ तासांचा नियम न कळणारे मेव्हणे त्याला ‘बिचारा’ म्हणतात. आणि आम्ही जुने तोफखान्याचे, देवळालीचे, म्हणून ‘वेडे’ हे ऐकून घेतो. इंग्रजीत वेड्याला ‘डूलॅली’ म्हणतात ना, तो शब्द देवळालीवरूनच गेला. गोरे सोल्जर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत इथे महिनोन्‌महिने पडून असायचे आणि कंटाळून भ्रमिष्ट व्हायचे. वेडेपणाला आमच्या गावाचं नाव आहे, आणखी काय पाहिजे?

हे सगळं इतकं का चालतं, तर या धंद्यात वाट बघणं फार. धुकं उठायची वाट, ढग फुटायची, प्रवासी यायची, परवानगी मिळायची. तो वेळ भीतीने भरायचा की थट्टेने, एवढाच प्रश्न असतो.

आता थांबायचं कुठे. हे मी जरा खडसावून सांगणार आहे. ११ सप्टेंबर १९७४ ला अमेरिकेत शार्लटला धुक्यात उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचं एक विमान रनवेच्या अलीकडेच जमिनीवर गेलं, ७० हून जास्त माणसं मेली. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर काय होतं? राजकारण आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा. उंची बघायची वेळ होती तेव्हा. १९८१ मध्ये तिथे नियम आला की १०,००० फुटांखाली कामाशिवाय शब्द नाही, आणि आज जगभर एअरलाइन्स तो पाळतात. आम्हा चार्टर हेलिकॉप्टरवाल्यांचं बहुतेक आयुष्य १०,००० फुटांखालीच जातं, म्हणून आमची सवय अशी की रोटर फिरायला लागला की कट्टा बंद, आणि घाट, तारा, हेलिपॅड जवळ आलं की श्वाससुद्धा हळू. रेडिओवर तर कधीच नाही. फ्रिक्वेन्सी सगळ्यांची असते. तुझ्या दोन सेकंदांच्या विनोदाखाली कुणाचा ‘अजून रनवेवरच आहे’ दबून जाईल, हे तुला वर सांगून झालंय.

मग ही थट्टा आपुलकीची की त्रासाची, हे ओळखायचं कसं? मी एकच गोष्ट बघतो. ती वरच्या दिशेने चढते का? टेबलावर सगळ्यात ज्येष्ठ माणसाची खेचायची मुभा सगळ्यात धाकट्याला आहे का? असेल तर खुशाल बस. थट्टा नुसती वरून खाली येत असेल तर तो कट्टा नाही, दरबार आहे. तिथून उठ.

हे मी मनोरंजनासाठी म्हणत नाही. २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या, रनवेच्या पलीकडे गेलं, १५८ माणसं गेली, आठ वाचली. चौकशीत आलं की उतरण चुकलेली होती आणि फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, तीनदा गो-अराउंड म्हटलं होतं. तेनेरिफेतही केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलं होतं की ते दुसरं विमान रनवेवरून गेलं नाही का. कॅप्टन कंपनीचा नावाजलेला ट्रेनर होता. तो ठामपणे ‘गेलंय’ म्हणाला आणि विषय संपला. आपल्याकडे तर हे आणखी अवघड. मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपण पाटीपेन्सिलीच्या आधी शिकतो. ‘सर, तुम्ही चुकताय’ हे वाक्य जिभेवर यायलाच किती वेळ लागतो बघ. ती जीभ आधी जमिनीवर सुटावी लागते, मिसळीच्या टेबलावर, बिलाच्या भांडणात.

माझ्यावर ही वेळ आली होती. जुलै महिना, चार्टर, नाशिकहून जुहूला जायचं. मागे बसलेल्या साहेबांना मीटिंग गाठायची होती. इगतपुरीपर्यंत ठीक, पुढे कसारा घाटात ढग बसलेला. मी खाली खाली जात रस्त्याच्या अंगाने वाट शोधत होतो. दोनदा वाटलं दिसतंय, दोनदा बंद झालं. शेजारी पोरगा होता, माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तोवर तोंडातून शब्द नाही. अचानक म्हणाला, “सर, आज घाटात फवारणी नको.”

मी लगेच वळलो. घोटीच्या बाजूला उघडीप होती, तिकडून परत ओझर. साहेब रागावले, मीटिंग बुडाली.

खाली उतरल्यावर मी त्याला सांगितलं की पुढच्या वेळी विनोदाचा आडोसा घ्यायचा नाही. सरळ म्हणायचं: सर, दिसायचं कमी झालंय, मला हे सुरक्षित वाटत नाही, मागे फिरूया. काय दिसतंय, काय वाटतंय, काय करायचं, तीन गोष्टी एका दमात. त्यानेही मान हलवली. पण मला माहीत आहे की ते सरळ वाक्य त्या दिवशी त्याच्या तोंडून आलंच नसतं. माझं टोपणनाव त्याने शंभरदा टेबलावर वापरलं होतं, म्हणून ते तेवढं आलं.

आता रिव्हर्सवाल्या काकांचं. तो विनोद वाईट होता. ‘बरं’मध्ये तुझी चूक होती आणि ती सुधारता येते. रिव्हर्समध्ये चूक कसलीच नव्हती, फक्त तू मुलगी होतीस. भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे, आणि हा गृहस्थ अजून गाडीच्या आरशात अडकलाय. तेव्हा मी गप्प बसलो, पाव मोडत राहिलो. हे माझं चुकलं. जात, गाव, बोली, अंग, बाईपण, यावर कुणी बोललं तर ती थट्टा या रीतीत बसत नाही, आणि तू हसायला बांधील नाहीस. हसली नाहीस तरी पुरतं. टेबलावर पडलेली शांतता फार बोचते, मी अनुभवलीय.

फ्लाइंग स्कूलमध्ये मात्र आणखी एका गोष्टीवर नजर ठेव. तिथे सगळे एकाच वयाचे, हसणं जास्त धारदार असतं. एका पोराने नाकाच्या चाकावर विमान आपटलं आणि हसतील म्हणून कुणालाच सांगितलं नाही, असं मी एका ठिकाणी पाहिलंय. शिकाऊ सेसना नाकावर आदळली की इंजिनमागचा पत्रा, फायरवॉल, चुरगळू शकतो, आणि बाहेरून पटकन कळत नाही. संध्याकाळी तेच विमान दुसऱ्या पोराला मिळालं. नशिबाने मेकॅनिकची नजर गेली. ज्या हसण्यामुळे माणूस चूक लपवायला लागतो, ते हसणं बंद पाडायचं, मग ते कितीही लाडाचं असो. अमेरिकेत नासाने १९७६ पासून पायलटांना नाव गुप्त ठेवून चुका कळवायची सोय केली, ती याचसाठी. आमची सोय साधी आहे: चूक सांगितली की नाव पडतं आणि बिल भरावं लागतं. लपवली आणि नंतर कळली, तर नाव पडत नाही, पण पुढच्या रविवारी कुणी फोन करत नाही.

उलट उत्तर देऊ का, म्हणालीस. दे. त्रिवारला विचार, ‘काका, पाव तीनदा घेणार का?’ मला विचार, ओळ बदलली का. स्वतःची पुढची चूक आमच्या कानावर दुसऱ्याकडून यायच्या आधी तूच येऊन सांग, म्हणजे किस्सा तुझा राहतो, आणि कसा सांगायचा तेही तुझ्या हातात.

रविवारी आठला ये, नऊनंतर रस्सा पातळ करतात. रिव्हर्सवाल्या काकांशी मी काल फोनवर बोललोय. बिल त्यांचं आहे, जिलेबीसकट.